पाणपोईचे नियम

उन्हाळ्याच्या दिवसांत वाटेवर पाणपोई घालणाराला कोणी जाब विचारीत नाहीं. तो पाणी स्वतःच्या खर्चानें आणतो, रांजण स्वतः भरतो आणि वाटसरूकडून एक पैसाहि घेत नाहीं. अशा माणसाला "रांजण झांकून ठेव, पाणी रोज बदल आणि पाणपोई बंद करावयाची असेल तर आधीं सांग" असें बजावणें सकृद्दर्शनीं कृतघ्नपणाचें वाटतें. परंतु तेंच पाणी नासलें तर तें पिणाऱ्या शेंकडों लोकांचें काय, असा प्रश्न केला म्हणजे नियमांची आवश्यकता कोणासहि पटेल. मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर जगभर पोंचविणाऱ्या स्वयंसेवी 'मिरर' सर्व्हरांच्या बाबतींत हाच प्रश्न उपस्थित होतो, आणि त्याचें उत्तर डेबियन ह्या प्रकल्पानें कसें दिलें आहे, तें पाहण्यासारखें आहे.

डेबियन ही संगणकाची एक संपूर्ण कार्यप्रणाली होय. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत शिकत असलेल्या इअन मर्डॉक ह्या तरुणानें १९९३ सालच्या ऑगस्टमध्यें तिची घोषणा केली, आणि तेव्हांपासून ती स्वयंसेवकांच्या श्रमावर चालत आली आहे. २०२३ सालीं निघालेल्या तिच्या १२ क्रमांकाच्या आवृत्तींत ६४,००० हून अधिक पॅकेजें होतीं. हा सारा संग्रह एकाच ठिकाणाहून वाटावयाचा म्हटलें, तर तेथील सर्व्हर भारानें वांकेल आणि दूरदेशींच्या माणसाला ताटकळत बसावें लागेल. म्हणून विद्यापीठें, इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्या आणि क्वचित् एकटेदुकटे हौशी गृहस्थहि ह्या संग्रहाची हुबेहूब प्रत आपल्या सर्व्हरवर ठेवतात व ती सर्वांस खुली करतात. मूळ संग्रहाचें प्रतिबिंब तेथें पडतें, म्हणून त्यास मिरर, म्हणजे आरसा, असें नांव पडलें.

ह्या आरशांकडून पहिली अपेक्षा जागेची व ताजेपणाची आहे. निरनिराळ्या प्रोसेसरांसाठीं केलेलीं पॅकेजें व त्यांचे मूळ स्रोत मिळून हा संग्रह कित्येक टेराबाईट भरतो. ज्याची ऐपत तेवढी नसेल त्यास कांहीं प्रोसेसरांचा भाग वगळण्याची मुभा आहे. मात्र जें ठेवलें तें पुरतें असलें पाहिजे. मूळ संग्रह सामान्यतः दिवसांतून चार वेळां बदलतो. तितक्याच वेळां आरशानेंहि आपली प्रत बदलावी, अशी अपेक्षा असते. तो कोणत्या मार्गानें मिळावा, हेंहि काळाप्रमाणें ठरतें. एके काळीं एफटीपी हाच राजमार्ग होता. डेबियननें आपले सार्वजनिक एफटीपी सर्व्हर १ नोव्हेंबर २०१७ रोजीं बंद केले, आणि आज एचटीटीपी ही किमान गरज मानली जाते.

दुसरी अट क्रमाची आहे, आणि नवख्याला ती क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. संग्रहांत मुख्यतः दोन प्रकारच्या वस्तू असतात: प्रत्यक्ष पॅकेजें आणि त्यांच्या सूची. आरशानें आधीं नवीं पॅकेजें आणावीं, मग सूची बदलाव्या आणि जुनीं पॅकेजें सर्वांत शेवटीं काढून टाकावीं. हा क्रम उलटला तर काय होतें? ग्रंथालयाच्या सूचींत पुस्तकाचें नांव आहे, वाचक कपाटापाशीं जातो आणि तेथें पुस्तकच नाहीं, अशी गत होते. एखादा शिक्षक शाळेंतील संगणक अद्ययावत् करावयास नेमका त्याच घटकेस बसला, तर त्याचें काम अर्ध्यावर अडतें व दोष कोणाचा तें त्यास उमगत नाहीं. म्हणून डेबियन आरसे चालविणारांस 'एफटीपीसिंक' नांवाची तयार स्क्रिप्ट देते. ती हा क्रम आपोआप पाळते, आणि प्रत केव्हां ताजी झाली त्याची खूण 'ट्रेस' फाइलींत ठेवते. ती खूण पाहिली म्हणजे कोणता आरसा मागें पडला तें कळून येतें.

तिसरा प्रश्न विश्वासाचा. २००८ सालीं अ‍ॅरिझोना विद्यापीठांतील संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. भाड्याचा सर्व्हर घेऊन, अस्तित्वांतच नसलेल्या कंपनीच्या नांवानें त्यांनीं डेबियन, उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे व सेंटओएस ह्या पांच प्रकल्पांकडे मिरर म्हणून नोंदणी मागितली. पांचहि ठिकाणीं ती मिळाली! आतां डेबियनच्या सूचींवर प्रकल्पाची डिजिटल सही असते, आणि २००७ सालच्या ४.० ह्या आवृत्तीपासून ती वापरणाराच्या संगणकावर आपोआप पडताळली जाते. त्यामुळें आरशानें पॅकेजांत फेरफार केल्यास तो तेथेंच उघडा पडतो. परंतु संशोधकांचा मुद्दा ह्याहून सूक्ष्म होता. आरशानें खोटें कांहीं न देतां केवळ जुनें दिलें तर? सही खरी, माल खरा, परंतु महिन्यापूर्वींचा. मधल्या काळांत जें भगदाड बुजविलें गेलें, तें ह्या बिचाऱ्याच्या संगणकांत तसेंच राहतें. आणि तें कोणाच्या संगणकांत आहे, हें आरसा चालविणाराला ठाऊक असतें. ह्यावर उपाय म्हणून सही केलेल्या कांहीं सूचींवर मुदतीची तारीख घालण्यांत येते. शिवाय सुरक्षिततेच्या दुरुस्त्यांसाठीं डेबियनचा वेगळा पत्ता आहे, आणि त्यांच्यापुरतें परक्या आरशांवर विसंबूं नये, असाच तिचा सल्ला आहे.

ह्यावरून अटी कशा कराव्या, ह्याचें एक सूत्र हातीं लागतें. जें यंत्राला पडताळतां येतें, त्यासाठीं स्वयंसेवकाच्या कुळशीलाची चौकशी करण्याचें कारण नाहीं. उलट, ताजेपणा, पुरतेपणा, क्रम आणि निरोपाला वेळेवर उत्तर ह्या गोष्टी यंत्राला निर्माण करतां येत नाहींत. त्या माणसाकडूनच मागितल्या पाहिजेत. अटी ह्याहून कडक केल्या तर फक्त धनिक संस्था उरतील. ह्याहून सैल केल्या तर यादी लांब होईल, पण भरंवसा नाहींसा होईल.

आज मोठ्या कंपन्या जगभर पसरलेलें आपलें वितरणजाळें डेबियनला देतात, आणि बहुतेकांचें काम त्यावरच भागतें. मग लहान आरशांचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. कंपनीचें औदार्य तिच्या मर्जीवर असतें. विद्यापीठाच्या आवारांतील आरसा मात्र बाहेरील जोडणी मंदावली तरीहि तेथील विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडतो. अनेक हातांतील प्रती ही कोणत्याहि संग्रहाची खरी ठेव होय.

परंतु नियम एकाच बाजूला बांधीत नाहींत. नियम करणारानें प्रत्येक अटीचें कारण सांगावें, ती पाळण्याचें साधन पुरवावें आणि यादींतून नांव काढण्यापूर्वीं एक निरोप पाठवावा. आणि स्वयंसेवकानेंहि, काम झेपेनासें झालें तर निमूटपणें निघून न जातां तसें कळवावें. पाणपोई बंद झाली ह्याचें दुःख वाटसरूला होतेंच. पण ती चालू आहे ह्या समजुतीनें भर दुपारीं कोस चालून आल्यावर कोरडा रांजण पाहणें, हें दुःख त्याहून मोठें आहे.