परवाना ही अमानत आहे
(संस्थेच्या वार्षिक समारंभात वरणगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. माझी सारी उमर एक्स-रेच्या खोलीत गेली. ‘श्वास घ्या, रोखून धरा, सोडा’ यापलीकडे बोलण्याची मला सवय नाही. तरीही चिटणीस साहेबांनी आग्रह केला, आणि गेल्या महिन्यात एका पालकाने मला जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर सर्वांसमोर द्यावे असे वाटले, म्हणून उभा राहिलो आहे.

ते पालक म्हणाले, “चाचा, पोरगा बारावी झाला. सहा महिन्यांत एक्स-रेचे सर्टिफिकेट मिळते म्हणतात. फी भरून टाकू का? नोकरी लगेच लागेल.”

मी त्यांना विचारले, “सर्टिफिकेट मिळेल, पण त्या कागदावर त्याची नोंदणी होईल का?” ते गप्प झाले. आजचे माझे भाषण या एका प्रश्नाभोवतीच आहे.

आपल्या वरणगावात शिस्त म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. गावाशेजारी दारूगोळ्याचा कारखाना आहे. अशा ठिकाणी आत काडेपेटी नेता येत नाही, मग तो साहेब असो की मजूर. ‘मी वीस वर्षांचा जुना आहे, मला सूट द्या’ असे तिथे कोणी म्हणत नाही, कारण ठिणगीला जुना-नवा कळत नाही. किरणांचेही तसेच आहे. फरक इतकाच की ठिणगी डोळ्यांना दिसते, किरण दिसत नाहीत. त्यांना वास नाही, चटका नाही. म्हणून जे काम डोळे करू शकत नाहीत ते नियमांना करावे लागते.

हे नियम कोणी कचेरीत बसून उगाच रचलेले नाहीत. रोंटगेन यांनी 1895 साली एक्स-रेचा शोध लावला, तेव्हा लोकांना ती गंमत वाटली. कित्येकांनी यंत्र चालते की नाही हे पाहण्यासाठी रोज स्वतःचाच हात किरणांपुढे धरला. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांचे हात या कामात गेले आणि 1904 साली ते मरण पावले. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे 1936 साली एक स्मारक उभे राहिले. किरणांचे काम करता करता प्राण गमावलेल्या डॉक्टरांची, तंत्रज्ञांची आणि परिचारिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत. आजचा प्रत्येक नियम त्या माणसांनी आपल्या जिवाने लिहिला आहे.

आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 साली स्थापन झाले. त्याची मुख्य कचेरी मुंबईला अणुशक्तिनगरात आहे. 2004 च्या किरण-संरक्षण नियमांनी कामाची प्रतवारी लावली. साध्या एक्स-रे यंत्राला नोंदणी हवी. सी. टी. स्कॅनला आणि कर्करोगावरच्या कोबाल्ट किंवा अ‍ॅक्सिलरेटर यंत्राला परवाना हवा. धोका जितका मोठा, तितकी कागदाची अट कडक. किरणांचे काम करणाऱ्याच्या शरीरात वर्षाला सरासरी 20 मिलीसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलीसिव्हर्ट, याहून जास्त मात्रा जाऊ नये. सर्वसामान्य माणसासाठी ही मर्यादा 1 मिलीसिव्हर्ट आहे. अठरा वर्षांखालील मुलाला या कामावर ठेवता येत नाही. काम करणारी बहीण गरोदर असेल तर तिने ते कळवायचे असते, म्हणजे पोटातल्या बाळाला जपून तिला काम देता येते.

कायदा होता, पण तो पाळला जात होता का? महालेखापरीक्षकांनी 2012 सालच्या अहवालात सांगितले की देशातील 57,443 वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी फक्त 5,270 केंद्रे मंडळाकडे नोंदलेली होती. म्हणजे शंभरातील एक्क्याण्णव केंद्रे नोंदणीवाचून चालली होती! पुढे मंडळाने ‘ई-लोरा’ नावाची संगणकावरची व्यवस्था आणली आणि अर्ज करणे सोपे झाले. पण हा आकडा मुलांनी लक्षात ठेवावा. ‘सगळेच असे करतात’ हे वाक्य किती मोठ्या प्रमाणावर खरे असू शकते आणि तरीही किती चुकीचे असते, हे त्यावरून कळते.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. आम्हाला छातीवर लावायला एक बिल्ला मिळे. शरीरात किती किरण गेले हे त्यावरून मोजतात. ठराविक मुदतीने तो तपासणीला जातो. उन्हाळ्याचे दिवस होते. मी शिशाचा एप्रन काढून खुंटीला टांगला आणि बिल्ला त्यावरच राहू दिला. ती खुंटी यंत्राच्या खोलीतच होती. मी पडद्याआड सुरक्षित, आणि बिल्ला मात्र दिवसभर किरण खात बसलेला. असे कित्येक दिवस चालले. मग पत्र आले, ‘मात्रा फार जास्त आहे, खुलासा करा.’

माझे मालक म्हणाले, “लिहून दे की कारण कळत नाही. मिटेल.” घरी येऊन अब्बांना सांगितले. अब्बा शिवणकाम करीत. कायद्याचे त्यांना काही ठाऊक नव्हते. ते एवढेच म्हणाले, “गिऱ्हाइकाचे कापड आपल्याकडे अमानत असते. कापताना चुकले तर सांगावे लागते. लपवले तर ती चोरी झाली.” मी खरे ते लिहिले. मला ताकीद मिळाली, मालकांची बोलणी खावी लागली. पण मी खोटे लिहिले असते तर यंत्रात बिघाड आहे की माणसात, हे कोणाला कधीच कळले नसते. ज्या बिल्ल्यावर माझा जीव अवलंबून होता, त्यालाच मी खोटा साक्षीदार केला होता.

मित्रांनो, आता ‘सूट’ या शब्दाकडे वळतो. हा शब्द आपल्याला फार प्रिय आहे. खरी सूट आणि खोटी सूट यांतला भेद ओळखला पाहिजे.

एक सूट जिथे धोकाच नाही तिथली. निसर्गातून सर्वांनाच थोडे किरण मिळतात. आपल्या शरीरातल्या पोटॅशियममध्येही ते असतात. त्याला कोणी परवाना मागत नाही. सोनोग्राफी आणि एम. आर. आय. यांत एक्स-रे नसतात, म्हणून त्यांना किरणांचे नियम लागत नाहीत. पण सोनोग्राफीला गर्भलिंगनिदानाविरुद्धचा 1994 चा कायदा लागतो. एका दारातून सूट मिळाली तरी दुसऱ्या दारावर पहारा असतो.

दुसरी सूट रुग्णाची. रुग्णासाठी वर्षाची मर्यादा ठरवलेली नाही, कारण कर्करोग बरा करायला मोठी मात्राच द्यावी लागते. पण यामुळे आमची जबाबदारी कमी न होता दुप्पट होते. तपासणी खरोखर हवी का, आणि हवी तर कमीत कमी किती किरणांत होईल, हे दोन प्रश्न दर वेळी विचारायचे असतात. पालकांनीही ‘एक स्कॅन करूनच टाका’ असा हट्ट डॉक्टरांकडे धरू नये.

तिसरी सूट जुन्या माणसांची. केंद्र सरकारने 2021 साली आरोग्यसेवेतील सहायक व्यावसायिकांसाठी कायदा केला. एक्स-रे, स्कॅन आणि किरणोपचार करणारे तंत्रज्ञ त्यात येतात. नोंदवही, राज्य परिषद, आणि गैरवर्तन झाल्यास म्हणणे ऐकून घेऊन नाव काढून टाकण्याची तरतूद त्यात आहे. नवा कायदा आला की आधीपासून काम करणाऱ्यांचे काय, हा प्रश्न येतोच आणि त्यांच्यासाठी वेगळी वाट ठेवावी लागते. पण ती वाट काल काम करीत असलेल्यांची असते. उद्या शिकणाऱ्या तुमच्या मुलाने तिच्यावर भरवसा ठेवू नये.

चौथी सूट माणूस स्वतःच स्वतःला देतो. ‘आज बिल्ला राहू दे’, ‘पोराला दाईनेच धरू दे’, ‘सही तुझी, काम दुसऱ्याचे.’ ही सूट कोणत्याही कायद्यात नाही.

तिचा शेवट कुठे होतो ते पाहा. दिल्लीच्या एका विद्यापीठात कोबाल्टचे एक यंत्र 1985 पासून पडून होते. 2010 साली ते लिलावात भंगारात विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते तोडले. आतून निघालेल्या कोबाल्टने एका कामगाराचा जीव घेतला आणि आणखी काही जण आजारी पडले. त्या गरिबांनी कोणता नियम मोडला होता? नियम मोडणारे वेगळे, मरणारे वेगळे. भंगाराच्या धंद्यातील आपल्या भावांना कळकळीने सांगतो, एक्स-रेचे यंत्र वीज बंद केली की थांबते, कोबाल्ट कधी थांबत नाही. जड शिशाची पेटी आणि तिच्यावर तीन पाकळ्यांचे चिन्ह दिसले तर हात लावू नका. दूर व्हा आणि पोलिसांना कळवा.

पालकांनो, आता त्या प्रश्नाचे उत्तर देतो. मुलाला, आणि मुलीलाही, या क्षेत्रात जरूर पाठवा. काम इज्जतीचे आहे आणि माणसांची गरजही आहे. पण बारावी विज्ञान नीट करू द्या, आणि फी भरण्यापूर्वी तो अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे का, त्यावर नोंदणी होते का, हे स्वतः परिषदेकडे विचारून घ्या. दोन-तीन वर्षे जास्त लागतील. सहा महिन्यांचा कागद स्वस्त दिसतो, पण तो दाखवून मिळालेली नोकरी पहिल्या तपासणीला जाते, आणि तोपर्यंत किती जणांच्या अंगावर अडाणी हाताने किरण सोडले गेले याचा हिशेब कोणी देत नाही.

अंधाऱ्या खोलीत रुग्ण आपल्यासमोर निजतो. आपण काय करतो ते त्याला दिसत नाही आणि समजतही नाही. तो फक्त आपल्यावर विश्वास टाकतो. भिंतीवर टांगलेला परवाना हा त्या विश्वासाची पावती आहे. ती जपा, एवढीच माझी विनंती.