काळजीलाही माप असावे



सुवर्ण महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी ट्रस्टचा ऋणी आहे. मी डॉक्टर नाही; कापड मोजण्यात आयुष्य गेलेला व्यापारी आहे. तथापि घरात लेकरू आजारी असताना आईबापांच्या मनात जंतूंचे जे भय शिरते, त्याविषयी चार शब्द मांडू इच्छितो.

हे भय निराधार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. शेजारचा गडचिरोली जिल्हा 1982 पर्यंत आपल्याच चंद्रपूर जिल्ह्याचा भाग होता. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतील नवजात बालकांसाठी कार्य केले. 1993 ते 1995 या काळात त्या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी 62 बालके पहिल्या महिन्यातच दगावत होती. जंतुसंसर्ग हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिक्षण दिले. त्या घरी जाऊन आधी हात धूत आणि मग बाळाला तपासत. बाळ दूध ओढते का, अंग गार पडले का, श्वास जलद आहे का, अशी ठरावीक लक्षणे त्या पाहत. गरज भासल्यास इंजेक्शनही देत. 1997-98 मध्ये मृत्यूचे प्रमाण हजारी सुमारे 25 वर आले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 2011 मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्तींमार्फत अशा गृहभेटींची योजना स्वीकारली.

यातील मर्म असे, की बाळ त्याच साध्या घरात, आईच्याच कुशीत राहिले. जंतूंचा बंदोबस्त मोजक्या, नेमक्या कृतींनी झाला. मायलेकरांची ताटातूट करून नव्हे.

भयाला मात्र असे माप नसते. 2020 च्या कोरोनाकाळात आपण सर्वांनी नोटा पुसल्या, भाज्या धुतल्या. तो आजार मुख्यतः हवेतून पसरतो, हे पुढे स्पष्ट झाले. बहुतेकांची सवय सुटली. आमच्या सूनबाईंची सुटली नाही. नातू तीन वर्षांचा असताना तापाने फणफणला. सूनबाई हात धूत राहिल्या, इतक्या की बोटांची सालपटे निघून रक्त येऊ लागले. मूल ‘आई, घे’ म्हणून रडे आणि त्या मोरीतून बाहेर येत नसत. ‘‘बाबूजी, माझ्याच हातून त्याला काही झालं तर?’’ असे त्यांनी विचारले, तेव्हा मजपाशी उत्तर नव्हते.

डॉक्टरांपाशी होते. नातवाचा ताप चार दिवसांत उतरला. आईविषयी ते म्हणाले, की हा स्वभाव नव्हे, आजार आहे. यालाच आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात. समुपदेशन व औषधे यांनी तो आटोक्यात येतो. सूनबाईंनी उपचार घेतले. हे सर्वांना सांगावे, ही त्यांचीच इच्छा आहे.

म्हणून विनंती करतो. मुलाला भरवण्यापूर्वी, शौचानंतर, त्याचे नाक वा शी साफ केल्यावर आणि बाहेरून आल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. एकदाच, तेवढे पुरते. मूल शांत असताना मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे 60, वर्षाच्या आतील बाळाचे 50 आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक भरले, तर विनाविलंब डॉक्टर गाठावा. छाती आत ओढली जाणे, दूध-पाणी न घेणे, झटके, गुंगी यांपैकी काही दिसले तरी तेच करावे. यांपैकी काही नसेल, तर डॉक्टरांनी सांगितलेले औषध देऊन लेकराला निःशंक मांडीवर घ्यावे.

वडीलधाऱ्यांनी ‘किती धुतेस!’ असा टोमणा मारू नये. त्याऐवजी तिला उपचाराची वाट दाखवावी. 2022 पासून सुरू असलेल्या शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

आम्ही कापड फाडण्यापूर्वी एकदा नीट मोजतो. दहादा मोजल्याने कापड वाढत नाही, गिऱ्हाईक मात्र ताटकळत उभे राहते. घरात ते ताटकळणारे आपले लेकरू असते.