आजच्या काळीं शुभवर्तमान कसें सांगावें?

(शुक्रवार पेठ, सोलापूर येथें ज्युबिलीप्रसंगीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं परमेश्वराचे उपकार मानून आम्ही एका अवघड प्रश्नाकडे वळतों. आपला तरुण मुलगा पुण्याहून सुटींत घरीं येतो. रविवारीं मिस्सेस चल म्हटलें असतां तो उत्तर देतो, "तुमचें सत्य तुम्हांला, माझें मला." त्यास काय सांगावें?

हा विचार त्याच्या एकट्याचा नव्हे. १९७९ सालीं ल्योतार ह्या फ्रेंच तत्त्वज्ञानें लिहिलें कीं, सर्व जगाचा अर्थ सांगूं पाहणाऱ्या महाकथांवरील अविश्वास हेंच उत्तर-आधुनिक मनाचें लक्षण होय. ह्या अविश्वासामागें एक शंका आहे: सत्याच्या नांवानें सत्ताच तर बोलत नाहीं ना? ती अगदींच निराधार आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. सोळाव्या शतकांत गोव्याच्या साष्टी प्रांतांत राजसत्तेच्या बळावर देवळें पाडलीं गेलीं, हा इतिहास आहे.

परंतु त्याच साष्टींत दुसरीहि वाट निघाली. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघी १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांनीं येथील भाषा आपलीशी केली आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' रचलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. ज्या लोकांस पुराणश्रवणाची गोडी होती, त्यांस त्यांनीं पुराणच दिलें. बळानें श्रद्धा रुजत नाहीं. ओवी मात्र कंठीं बसते.

फार मागें कशाला जावें? २०२० च्या जानेवारींत आपल्या शेजारच्या उस्मानाबादेस, म्हणजे आतांच्या धाराशिवास, मराठी साहित्य संमेलन भरलें. त्याचे अध्यक्ष होते 'सुबोध बायबल' सिद्ध करणारे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. लोकांच्या भाषेंत लोकांशीं बोलणाऱ्यास मराठी समाजानें परकें मानलें नाहीं.

मग त्या मुलाशीं कसें बोलावें? रागावूं नये, आधीं त्याचें ऐकावें. नंतर त्यास विचारावें, "प्रत्येकाचें सत्य निराळें असेल, तर दिवसभर विड्या वळूनहि जिला पुरता मोबदला मिळत नाहीं, त्या बाईवरील अन्याय हें केवळ तिचेंच सत्य काय? तुला व मला तें बांधील नाहीं काय?" तो नाहीं म्हणणार नाहीं. सर्वांस बांधणारें कांहीं आहे, हें तेथें त्यास दिसेल. आणि त्या दुर्बळांच्या पंक्तीस बसलेल्या येशूचें नांव तेथूनच घेतां येईल.

पण हें बोलण्याचा अधिकार आचरणानें मिळतो. आजचा मनुष्य उपदेशकापेक्षां साक्षीदाराचें अधिक ऐकतो, असें पोप सहावे पॉल ह्यांनीं १९७५ सालीं सुचविलें होतें. मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू बोलणाऱ्या ह्या आपल्या नगरांत शेजाऱ्याच्या आजारपणांत त्याच्या उशाशीं कोण बसतें, हें सर्वजण पाहतात. तें शुभवर्तमान कोणत्याहि भाषेंत वाचतां येतें.

तशी साक्ष देण्याचें बळ प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.