हाताचे माप

मनुष्याच्या छंदांकडे पाहिले, तर त्यांतील पुष्कळसे छंद हे एके काळचे कष्ट होते असे आढळून येते. बागकाम, विणकाम, मासे धरणे ही कामे पोटासाठी करावी लागत होती, तोवर त्यांना कोणी छंद म्हटले नाही. ती सक्ती दूर झाली आणि मनुष्य त्याच कामांकडे आपखुशीने परतला. घरी पास्ता करण्याचा छंद याच जातीचा आहे.

पास्ता म्हणजे पीठ मळून, त्याला निरनिराळे आकार देऊन उकळत्या पाण्यात शिजवण्याचा इटलीतील पदार्थ. मार्को पोलोने तो १२९५ साली चीनहून आणला, ही कथा लोकप्रिय असली तरी खरी नाही. त्याच्या कितीतरी आधी, ११५४ साली पूर्ण झालेल्या आपल्या ग्रंथात अल्-इद्रिसी या भूगोलवेत्त्याने सिसिलीतील त्राबिया गावाचे वर्णन केले आहे. तेथे शेवयांसारखा पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार होई आणि गलबतांतून दूरदूरच्या प्रदेशांत जाई.

या पदार्थाची दोन घराणी आहेत. दक्षिण इटलीत कठीण गव्हाचा रवा नुसत्या पाण्यात मळतात. महाराष्ट्रातील बन्सी गहू याच जातीचा. त्याला चिकटपणा भरपूर असल्यामुळे दुसऱ्या कशाची गरज लागत नाही. उत्तरेकडे बोलोन्याच्या परिसरात मऊ गव्हाचे बारीक पीठ वापरतात आणि त्याला बांधून ठेवण्यासाठी अंडी घालतात. प्रमाण अगदी सोपे : १०० ग्रॅम पिठाला एक अंडे.

लाकडी फळीवर पिठाचा ढीग करून त्यात आळे करावयाचे, आळ्यात अंडी फोडून कडेचे पीठ हळूहळू आत ओढावयाचे, आणि तळहाताच्या रेट्याने दहा-पंधरा मिनिटे मळावयाचे. गोळा अर्धा तास झाकून ठेवला म्हणजे त्याचा ताठा जातो आणि तो लाटण्याखाली मुकाट्याने पसरतो. अशी पोळी लाटणाऱ्या स्त्रीला बोलोन्यात ‘स्फोल्यीना’ म्हणतात. तिची पोळी उजेडात धरली असता टेकडीवरचे सान लूकाचे देवालय पलीकडे दिसले पाहिजे, असे तेथे सांगतात. लाकडी फळी व लाटणे यांमुळे पोळीला किंचित खरबरीतपणा येतो, आणि म्हणूनच रस्सा तिला धरून राहतो. पोळी थोडी सुकली की गुंडाळून तिच्या फिती कापतात. त्यांचे नाव ताल्यातेल्ले.

या फितीची रुंदी किती असावी, याचाही बोलोन्याने निर्णय लावून टाकला आहे. १६ एप्रिल १९७२ रोजी तेथील व्यापारमंडळाच्या कचेरीत तिचे अधिकृत माप नोंदवण्यात आले : शिजल्यावर ८ मिलिमीटर, म्हणजे शहरातील आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग! नमुन्यादाखल सोन्याची एक फीतही तेथे ठेवलेली आहे.

या नोंदीत विनोदाबरोबर थोडी भीतीही दिसते. जे हातून निसटू लागते, त्याचीच मनुष्य नोंद करतो. परंतु सोन्याच्या फितीवरून रुंदी तेवढी कळते. मळलेले पीठ केव्हा ‘झाले’, हे कळत नाही. अंडे लहान-मोठे निघते, पावसाळी हवेत पीठ ओलावा धरते, आणि शंभर ग्रॅमांचे प्रमाण तेथेच अपुरे पडते. ते माप हाताला ठाऊक असते, आणि ते एका हातातून दुसऱ्या हातात शेजारी उभे राहूनच उतरते.

सार्डिनिया बेटावरील नुओरो येथे ‘सू फिलिंदेउ’ नावाचा पास्ता करतात. नावाचा अर्थ ‘देवाचे धागे’. पिठाची वळी हाताने ओढून दुमडावयाची, असे आठ वेळा करावयाचे, की एकाचे २५६ धागे होतात. कृती एका वाक्यात सांगून झाली; पण ती साधलेल्या स्त्रिया आज मोजक्याच आहेत. पीठ कोरडे पडले हे बोटांना समजले, तर ओला हात लावावयाचा. समजले नाही, तर धागा तुटतो.

महाराष्ट्राला हे ज्ञान परके नाही. लग्नघरी आयाबाया जमून चिमटीने वळलेले गव्हले, नखुले, मालत्या, किंवा पाटावर ओढलेल्या शेवया ही सारी त्याच विद्येची रूपे होत. आजी गव्हले वळी, तिच्याजवळ बसून नात शिके. तयार पाकीट मिळू लागले आणि ती बैठक मोडली. त्याबद्दल हळहळणे फारसे न्याय्य नाही, कारण त्या बैठकीत गाण्याइतकेच मान मोडून केलेले कष्टही होते.

म्हणूनच छंदाचे मोल. रविवारी सकाळी हौसेने पीठ घेऊन बसणाऱ्या माणसावर कोणाची सक्ती नसते. त्याची पहिली पोळी जाड होते, दुसरी फाटते. दुकानातला पास्ता त्याहून सुबक आणि स्वस्तही असतो. तरीही तो पुन्हा बसतो, आणि केव्हा तरी बोटांखालचा गोळा एकाएकी मऊ, गुळगुळीत लागतो. जी विद्या कालपर्यंत स्त्रियांच्या वाट्याला कर्तव्य म्हणून आली, ती अशा वेळी पुरुषाने, मुलाने, कोणीही आपखुशीने उचलावी. मात्र घरात कोणी जाणते हात असतील, तर त्यांच्याजवळ जाऊन बसण्याची घाई करावी. पीठ उद्याही मिळेल.