सतरंजीच्या कडेला



निवडणूक आली की सभेबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो. गर्दी किती होती? मैदान भरलं का? एकेकाळी मीही असे आकडे सांगत असे, आणि खरं सांगायचं तर थोडे फुगवूनच. मी व्यासपीठावर कधी बसलो नाही. सतरंज्या घालणारा आणि सभा संपली की त्या झटकून गुंडाळणारा असा मी कार्यकर्ता. आज अशाच एका सभेची हकिगत सांगणार आहे.

१८ जानेवारी १९७७ रोजी इंदिरा गांधींनी लोकसभेची निवडणूक जाहीर केली. जून १९७५ मध्ये लागलेली आणीबाणी शिथिल झाली होती, पण उठली नव्हती. मी तेव्हा पुण्यात कॉलेजात होतो, वय वर्षं १९. मतदानाचं वय होतं २१. ते १८ वर आलं १९८९ साली. म्हणजे ज्या मतांसाठी आम्ही दिवसरात्र पळत होतो, त्यातलं एकही मत माझं नव्हतं.

जनता पक्ष नवा कोरा. त्याचे उमेदवार भारतीय लोकदलाच्या चिन्हावर उभे होते. चिन्ह होतं चक्रातला नांगरधारी शेतकरी. काँग्रेसचं गाय-वासरू घरोघरी ठाऊक होतं, आमचा शेतकरी कोणाला माहीत नव्हता. भिंतीवर तो रंगवताना आमच्या हातून नांगराची कधी गदा होई, कधी छत्री. पुण्यातून मोहन धारिया उभे होते. काँग्रेसमध्ये असताना त्यांनी मंत्रिपद भूषवलं होतं आणि आणीबाणीत तुरुंगवासही भोगला होता.

मी या कामात पडलो तो काकांमुळे. काका शाळामास्तर. ‘मिसा’खाली ते येरवड्याच्या तुरुंगात होते आणि निवडणूक जाहीर झाल्यावर सुटून आले. आम्ही पेठेतल्या एका वाड्यात राहायचो. समोरच्या बिऱ्हाडात अण्णा राहत. ते सरकारी कचेरीत कारकून होते. रोज सकाळी एकाच वर्तमानपत्रावर काका आणि अण्णा यांची झटापट चालायची. पण काकांना पोलीस घेऊन गेले, त्या दिवसापासून अण्णांनी आमचा उंबरा ओलांडला नाही. नळावर आई दिसली की बादली तिथेच ठेवून ते घरात जात. काका सुटून आले तरी समोरचं दार बंदच राहिलं. मला त्याचा फार राग होता.

आमची सभा शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात होती. दुपारी तीनपासून आम्ही कामाला लागलो. दोघं रिक्षाला कर्णा बांधून पुकारा करत फिरत होते. सतरंज्या मंगल कार्यालयातून उसन्या आणलेल्या, कोपऱ्यावर कार्यालयाचं नाव रंगवलेलं. एकही हरवायची नाही, अशी तंबी होती. संध्याकाळी माइकवर ‘हॅलो, एक, दोन, तीन’ झालं. दिवे लागले. आणि माझ्या पोटात गोळा आला. सगळ्या सतरंज्या मोकळ्या!

माणसं आली नव्हती असं नाही. माणसं पुष्कळ होती, पण कडेकडेने. कोणी पानाच्या ठेल्याशी, कोणी सायकलला टेकून, कोणी बसची वाट पाहत असल्यासारखं. साध्या वेशातले पोलीस नावं टिपून घेतात, अशी बोलवा होती. उभा असलेला माणूस ‘सहज चाललो होतो’ म्हणू शकतो. सतरंजीवर बसलेल्याला तसं म्हणता येत नाही.

शेवटी दोन म्हाताऱ्या बायका आल्या. चपला काढून त्यांनी पदराखाली घेतल्या आणि सरळ पुढे जाऊन मांडी घातली. त्यांच्यामागून पाच-सहाजण बसले. मग पंचवीस, मग शंभर. त्या प्रचारात पु. ल. देशपांडे यांच्यासारखे लेखकही ठिकठिकाणी बोलत होते. आमच्या सभेत तसं नामवंत कोणी नव्हतं. पण एका वक्त्याने सत्ताधाऱ्यांना चिमटा काढला, तेव्हा लोकांनी आधी शेजारच्याकडे पाहिलं. शेजारी हसतोय हे पाहिल्यावर ते हसले. तसं हसू मी त्याआधी कित्येक महिने ऐकलं नव्हतं.

भाषणं चालू असताना आम्ही झोळी फिरवायचो. काका म्हणत, ‘ज्याने चार आणे टाकले, तो मत द्यायला नक्की येतो.’ मी झोळी घेऊन कडेला पोहोचलो. दिव्यांचा उजेड जिथे संपत होता तिथे एक गृहस्थ उभे होते. उन्हाळा लागला होता, तरी डोक्याला मफलर. त्यांनी घडी घातलेली पाचाची नोट झोळीत टाकली आणि हळूच विचारलं, ‘काका कसे आहेत रे?’

ते अण्णा होते.

मी म्हणालो, ‘समोरच तर राहता. येऊन बघा की!’

अण्णांनी मान खाली घातली आणि ते गर्दीतून निघून गेले. मला वाटलं, बरी जिरवली.

रात्री सतरंज्या गुंडाळताना मी फुशारकीने ही गोष्ट काकांना सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘अरे, आपली माणसं घरी बसली तरी आपलीच असतात. सभा घ्यायची ती अशा कडेला उभ्या असलेल्यांसाठी. त्याला तीन मुली, एकट्याची नोकरी. तरी तो इथवर आला. तू त्याला सतरंजीवर जागा करून द्यायचीस, ती सोडून हाकलून दिलंस.’ दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतः वर्तमानपत्र घेऊन समोरच्या दारात गेले. आई त्यांच्यामागून दोन कप चहा घेऊन गेली. मी खिडकीतून पाहत होतो. जायचं धाडस मला झालं नाही.

मार्च १९७७ मध्ये निकाल लागले. धारिया निवडून आले, खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या आणि २१ मार्चला आणीबाणी उठली. आम्हाला आकाश ठेंगणं झालं.

पण ही गोष्ट तिथेच संपत नाही. आपसांतल्या भांडणांत ते सरकार जुलै १९७९ मध्ये पडलं. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत मी पुन्हा सतरंज्या घातल्या. आता मला मत होतं, पण लोकांना सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. या वेळी कडेलाही गर्दी नव्हती. अण्णांना विचारलं, तर म्हणाले, ‘आता भीती नाही रे. पण यावंसं वाटत नाही.’ काँग्रेसला ३५३ जागा मिळाल्या, जनता पक्षाला ३१. भीतीने कडेला राहिलेला माणूस एखादे वेळी आत येऊन बसतो. विश्वास उडालेल्याला आत आणणं फार कठीण, हे मी त्या निवडणुकीत शिकलो. अण्णांची माफी मागायची मात्र राहूनच गेली. आता ते नाहीत, काकाही नाहीत.

आता सभेला खुर्च्या असतात, मोठे पडदे असतात, माणसं गाड्या भरून आणली जातात. मी अजूनही सभांना जातो, कोणत्याही पक्षाच्या. कडेला उभा राहून ऐकतो. मागच्या निवडणुकीत पत्रकं वाटत एक मुलगा माझ्यापाशी आला. माझ्या शर्टावर त्याच्या पक्षाचा बिल्ला नव्हता, हे त्याला दिसत होतं. तरी म्हणाला, ‘आजोबा, आत खुर्ची रिकामी आहे. या ना, बसा.’

भाषण मला पटलं नाही. पण शेवटपर्यंत बसलो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)