सोयरिकीत सिकलसेलचा रिपोर्ट मागा
(आंधळगाव येथे दिलेले भाषण)



सिकलसेलचे नाव आपल्या भंडारा जिल्ह्याला नवे नाही. तरी सोयरिकीच्या बैठकीत ते कुणी काढत नाही. कोशाचे कापड घेताना सूत चाचपून पाहणारे आंधळगावचे आपण, येथे मात्र गप्प बसतो.

रक्तातील तांबडी पेशी वाटोळी व लवचीक असते. या आजारात ती विळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, मग हाडे, सांधे, छाती असह्य दुखतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही, डोळे पिवळे दिसतात. लोक कुणी वात म्हणतात, कुणी कावीळ, तर कुणी बाहेरची बाधा म्हणून बुवाकडे नेतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला हे शोभत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा आजार शिवण्याने वा उष्ट्याने लागत नाही, तो आईवडिलांकडून येतो. एकाकडून दोष आला तर माणूस 'एएस', म्हणजे वाहक. तो सहसा ठणठणीत असतो आणि म्हणूनच त्याला पत्ता नसतो. दोघांकडून आला तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. दोन एएस व्यक्तींचे लग्न झाल्यास प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता एसएस बाळाची. पहिले मूल एसएस झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशोब पुष्कळ जण मांडतात. तो साफ चुकीचा आहे. दर खेपेला तीच शक्यता पुन्हा उभी राहते.

एएसचे लग्न निर्दोष रक्ताच्या, म्हणजे 'एए' व्यक्तीशी झाले तर एसएस मूल होत नाही. मग एएस मुलीला नकार कशासाठी? मुलाचा रिपोर्ट कुणी विचारत नाही आणि बाळ आजारी निघाले की दोष सुनेच्या माथी! पत्रिका आपण सोडली, ते चांगलेच झाले. आता दोन्हीकडचे रिपोर्ट समोरासमोर ठेवा.

हा आपल्याच समाजाचा रोग, हेही खरे नाही. आदिवासींत, इतर जातींत, आफ्रिकेत, अरबस्तानातही तो आहे. जेथे हिवताप फार, तेथे एएस माणसाला त्यापासून काहीसे संरक्षण मिळाले, म्हणून हा दोष पिढ्यान्पिढ्या टिकला. शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये लिहिले होते. पुढे नागपूरचे संपत रामटेके यांनी रुग्णांचा प्रश्न लावून धरला, त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हे विद्यार्थ्यांनी घरी सांगावे.

रुग्णाला रोवणीच्या दिवसांत भर पावसात तासन्‌तास बांधीत उभे करू नका. थंडी, अतिश्रम, पाणी कमी पिणे यांनी दुखणे उसळते. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हायड्रॉक्सीयुरियाने अनेकांचे दुखणे कमी होते, परंतु ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

तपासणीला थेंबभर रक्त पुरते. सोल्युबिलिटी चाचणीत दोष आहे एवढेच कळते. एएस की एसएस, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनेच ठरते. तो दुसरा रिपोर्ट घ्या आणि शाळेच्या दाखल्यासोबत जपून ठेवा.