माशांच्या टाकीवर दिवा कोणता लावायचा?

कुणी भाजी निवडत असेल, कुणी तांदूळ पाखडत असेल, तर हात चालू ठेवा आणि कान तेवढा इकडे द्या. गेल्या वेळी आपण काचेची टाकी चिकटवण्याबद्दल बोललो होतो. आज बोलायचंय त्या टाकीवरच्या दिव्याबद्दल. विषय एवढासा वाटेल, पण या दिव्यापायी आमच्या गटाचे सात मासे मेले आणि गिऱ्हाईक जाता जाता राहिलं.

झालं असं. आमच्या गटाने शोभेचे मासे आणि टाक्या विकायला सुरुवात केली, तेव्हा हमरस्त्यावरच्या एका खानावळीने दोन फुटी टाकी घेतली. बारा मासे होते, मोली, प्लॅटी आणि गप्पी. आठवडाभरात खानावळवाल्या दादांचा फोन, "ताई, तुमचं पाणी गढूळ आहे. लोक जेवताना बघतात, बरं दिसत नाही." आमच्या गटातल्या काकू धावत गेल्या, पाणी बदलून आल्या. तीन दिवसांनी परत तेच. मग सगळंच पाणी उपसलं, गाळणी धुतली, वाळू धुतली, नळाचं ताजं पाणी भरलं. तरी पाणी पिवळटच! आणि सगळं पाणी एकदम बदलल्याने सात मासे दोन दिवसांत गेले. नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन असतं आणि गाळणीतले चांगले जिवाणू आपण धुऊन टाकले होते, हे नंतर कळलं. दादांनी टाकी परत पाठवली. काकूंनी गटातून कर्ज काढलं होतं आणि त्या महिन्याचा हप्ता याच टाकीच्या पैशांवर होता.

टाकी टेंपोतून आली ती तळाशी चार बोटं पाणी ठेवूनच. उरलेले पाच मासे वेगळ्या पिशवीत. अंगणात उन्हात उतरवली आणि काकू माझ्याकडे बघायला लागल्या. पाणी विहिरीच्या पाण्यासारखं नितळ! दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी खानावळीत जाऊन वर बघितलं, तर टाकीवर पिवळा बल्ब. जेवणाच्या टेबलांवर होते तसलेच बल्ब दादांनी तिथेही लावले होते. रिकामा खोका गल्ल्याखाली सापडला. त्यावर लिहिलं होतं ३००० के.

आता हा 'के' म्हणजे काय ते सांगते. के म्हणजे केल्विन, एका शास्त्रज्ञाच्या नावावरून पडलेलं तापमानाचं माप. दिव्याच्या रंगाशी तापमानाचा काय संबंध? लोहाराच्या भट्टीत लोखंड बघितलंय ना? आधी लाल होतं, मग केशरी, आणखी तापलं की पिवळं. त्याहून तापवलं तर पांढरं, आणि त्याच्याही पुढे निळसर. कुठल्या तापमानाला कसला रंग येतो, त्यावरून दिव्याच्या रंगाला आकडा देतात. म्हणून आकडा लहान तर उजेड पिवळा, आकडा मोठा तर उजेड पांढरा-निळसर. आपण पिवळ्याला उबदार म्हणतो आणि निळ्याला थंड, इथे आकडे नेमके उलटे. मीसुद्धा पहिल्यांदा गोंधळले होते. आणि हो, ६५०० चा बल्ब म्हणजे तो तेवढा गरम होतो असं नाही, तो फक्त रंगाचा आकडा आहे. पाणी त्याने तापत नाही.

जुना तारेचा बल्ब साधारण २७०० चा. दुपारचं ऊन साडेपाच हजारांच्या आसपास. ढगाळ दिवसाचा उजेड साडेसहा हजार किंवा वर. दुकानात एलईडी बल्ब तीन तऱ्हेचे मिळतात. वॉर्म व्हाइट म्हणजे २७०० ते ३०००, मधला ४०००, आणि कूल डेलाइट ६५००. आपल्या बाजारात सगळ्यात जास्त खपतो तो ६५०० च. दुकानदाराला नुसतं "पांढरा द्या" म्हणू नका. खोका हातात घ्या आणि चार आकडे शोधून त्यापुढचा के बघा.

एलईडीच्या आत खरं तर निळा उजेड देणारा बारीक तुकडा असतो, त्यावर पिवळा लेप दिलेला. दोन्ही मिळून पांढरं दिसतं. लेप बदलला की उजेडाचा रंगही बदलतो. पिवळ्या बल्बात निळा भाग कमी आणि लाल-केशरी जास्त. म्हणून त्याखाली नितळ पाणीही चहाच्या पाण्यासारखं दिसतं. टाकीत लाकूड किंवा देशी बदामाची वाळकी पानं टाकली असतील, तर ती पाण्याला आधीच थोडा रंग देतात. माशांना तो रंग बाधत नाही, पण वर पिवळा दिवा असला की बघणाऱ्याला गटाराची आठवण येते.

मग पिवळा वाईट का? तसं नाही. केशरी गोल्डफिश, लाल प्लॅटी पिवळसर उजेडात झळाळतात. काळ्या मोलीला, चंदेरी माशांना आणि निळ्या शेपटीच्या गप्पीला मात्र ६५०० चा उजेड बरा, पिवळ्याखाली त्यांचा निळा रंग मरून जातो. माझं मत विचाराल तर विकायच्या टाकीवर ६५०० लावावा, पाणी स्वच्छ दिसतं आणि झाडं हिरवीगार दिसतात. घरच्या टाकीवर लाल मासे असतील तर ४००० लावून बघा. आणखी एक शब्द खोक्यावर असतो, सीआरआय. रंग किती खरे दिसतील त्याचा तो आकडा, शंभरपैकी. बहुतेक बल्ब ८० चे असतात. ९० चा मिळाला तर मासे अधिक खुलून दिसतात.

हल्ली मोबाइलवर निळ्याशार टाक्या बघून गिऱ्हाईक येतं, "तसला निळा दिवा द्या." तो दहा हजार ते वीस हजार केल्विनचा उजेड, समुद्रातल्या प्रवाळांसाठी असतो. समुद्राचं पाणी लाल उजेड वरच्यावर शोषून घेतं, निळा तेवढा खोल जातो, म्हणून प्रवाळांना त्याची सवय. आपल्या गोड्या पाण्याच्या टाकीला त्याची गरज नाही, आणि त्याखाली लाल मासा काळपट दिसतो. गिऱ्हाइकाला हे दाखवून सांगा, नुसतं नको म्हणू नका.

झाडांचं काय? पान लाल आणि निळा उजेड जास्त खातं, हिरवा बराचसा परत पाठवतं, म्हणून तर ते हिरवं दिसतं. २७०० पासून ६५०० पर्यंत कुठल्याही पांढऱ्या दिव्याखाली झाड जगतं. त्याला रंगापेक्षा उजेड किती आणि किती तास, याची जास्त पडलेली असते. उजेड किती ते वॅटवर बघू नका, ल्युमेनवर बघा. नऊ वॅटचा एलईडी साधारण नऊशे ल्युमेन देतो. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टाकीत पंचावन्न-छप्पन लिटर पाणी मावतं. तिच्यावर एक नऊ वॅटचा बल्ब म्हणजे मासे, जावा फर्न, अनुबियास असल्या सोशीक झाडांना पुरे. गालिच्यासारखी दाट बुटकी झाडं हवी असतील तर दुप्पट उजेड लागेल, शिवाय खत आणि कार्बन डायऑक्साइडची भानगड. गटाने त्यात एवढ्यात पडू नये असं मला वाटतं.

आमच्या वाडीतल्या अंगणवाडी सेविका ताईंच्या टाकीत काचेवर हिरवं शेवाळ धरायचं. कुणीतरी त्यांना सांगितलं, पांढऱ्या बल्बामुळे होतंय, पिवळा लावा. पिवळा लावला, शेवाळ तसंच. टाकी खिडकीत, सकाळचं ऊन थेट आत, त्यात रात्री साडेअकरापर्यंत दिवा चालू, वर मुलं चिमूट चिमूट खाद्य टाकणार. उजेडाचे तास जास्त आणि पाण्यात खरकटं, शेवाळाला आणखी काय हवं? टाकी आतल्या भिंतीला सरकवली, दिवा सात तासांवर आणला, खाद्य निम्म्यावर. महिनाभरात काच खरवडायचं काम पुष्कळ कमी झालं. नवी टाकी असेल तर पहिले काही आठवडे सहाच तास ठेवा. माशांना पापण्या नसतात, डोळे मिटून झोपायची सोय नाही. रात्री अंधार हाच त्यांचा पडदा.

खर्चही सांगते, कारण गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं. नऊ वॅट रोज आठ तास म्हणजे महिन्याला सव्वादोन युनिटच्याही आत. वीज गेली तर घाबरू नका, एक-दोन दिवस दिव्याशिवाय माशांना काही होत नाही. हवेचा पंप बंद पडला तर मात्र जास्त मासे असलेल्या टाकीकडे लक्ष ठेवा.

आता एक गोष्ट जरा दटावून सांगते. उघडा होल्डर पाण्यावर लोंबकळत ठेवू नका. दिवा आणि पाणी यांच्यामध्ये काचेचं झाकण हवंच, नाहीतर वाफ होल्डरमध्ये जाते. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी खाली ठिबकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. आणि टाकीत हात घालायच्या आधी प्लग काढायचा. स्विच बंद केला म्हणून भागत नाही, घरातल्या पोरांनाही हे सांगून ठेवा.

खानावळवाल्या दादांकडे आम्ही ती टाकी पुन्हा नेली. मासे तेच पाच, पाणी नेताना एक दिवस उघड्या पिंपात ठेवलेलं. वर ६५०० चा बल्ब लावला आणि त्यांना बोलावलं. ते टाकीत बघत राहिले, मग म्हणाले, "बल्ब मीच लावला होता हो." पैसे त्यांनी दोन वेळा करून दिले, काकूंचा हप्ता पंधरा दिवस उशिरा का होईना, भरला गेला. टेबलांवर त्यांचे पिवळे बल्ब अजून आहेत, त्याखाली वरणभात छान दिसतो म्हणतात. आम्ही आता प्रत्येक टाकीबरोबर बल्ब आमचाच देतो आणि पावतीवर त्याचा आकडा लिहितो. तुमच्या गटात टाक्या असतील तर पुढच्या मासिक बैठकीला आपापल्या बल्बचे खोके घेऊन या, एकदा सगळ्या मिळून वाचू.